कळ दाबल्यावर येणारी कळ

व्हिडिओ गेममधल्या पात्राला गोळी लागली की ती खेळणाऱ्यालाही खरोखर दुखावी, ही कल्पना आता केवळ विज्ञानकथेपुरती उरलेली नाही. विजेच्या स्पंदनांनी स्नायू आखडवणारे अंगरखे आज विकत मिळतात. पडद्यावर वार झाला की खेळणाऱ्याच्या अंगाला झटका बसतो. उद्याच्या खेळांत हा झटका खऱ्या वेदनेपर्यंत नेता येईल, अशी आशा बाळगणारे लोक आहेत. त्यांचे युक्तिवाद दोन. एक, वेदनेमुळे खेळातल्या जगाशी होणारे तादात्म्य पूर्ण होईल. दोन, हिंसेची किंमत अंगाला कळल्यावर माणूस तिच्याकडे गांभीर्याने पाहू लागेल. साहित्याच्या वर्गात उभे राहणाऱ्या आम्हांला हे दोन्ही युक्तिवाद फार ओळखीचे वाटतात. कथा-कादंबरीची बाजू घेताना आम्ही वर्षानुवर्षे जवळजवळ हेच बोलत आलो आहोत. तेव्हा पुस्तक जे आडवळणाने करते ते यंत्र थेट करणार असेल, तर आम्ही वर्गात नेमके काय शिकवतो, हा प्रश्न टाळता येत नाही.

या दिशेचे प्रयोग २००१ सालीच झाले. जर्मनीतल्या कलोन शहरात फोल्कर मोरावे आणि टिलमान राइफ या कलावंतांनी ‘पेनस्टेशन’ नावाचे एक टेबल बनवले. खेळ साधा, १९७२ च्या ‘पाँग’च्या वळणाचा, पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू. दोघे समोरासमोर उभे राहतात. एका हाताने फळी हलवायची, दुसरा हात टेबलावर नेमून दिलेल्या जागी ठेवायचा. चेंडू चुकला की त्या हाताला चटका, विजेचा झटका किंवा तारेच्या लहानशा चाबकाचा फटका. ज्याने हात आधी उचलला तो हरला. त्याच वर्षी अमेरिकेत एडो स्टर्न आणि मार्क ॲलन यांनी ‘टेकन टॉर्चर टूर्नामेंट’ भरवली. तीत पडद्यावरच्या मल्लाला ठोसा बसला की खेळणाऱ्याला विजेचा झटका बसे. हे दोन्ही कलावंतांचे उपक्रम होते, बाजारात आणायची उत्पादने नव्हती; म्हणूनच त्यांतून मिळणारे उत्तर स्वच्छ आहे. ‘पेनस्टेशन’च्या नियमात जय-पराजय अखेर चेंडूने ठरत नाही, हाताने ठरतो. वेदना आली आणि खेळ तिच्या मागे निमित्तापुरता उरला.

असे का व्हावे, याचे उत्तर शोधताना आम्हांला आपल्याच समीक्षेतला एक जुना वाद आठवतो. करुणरसापासून आनंद कसा होतो? विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त या कोड्याला हात घातला आणि करुणाने नुसते दुःखच होत असते तर त्याच्याकडे कोणी फिरकलेच नसते, असा व्यवहारी मुद्दा मांडला. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयानंद आहे, असा तिचा आशय. पुढच्या टीकाकारांनी या उपपत्तीवर पुष्कळ आक्षेप घेतले. तरीही कंट्रोलर हातात धरून बसलेल्या मुलाच्या अवस्थेचे याहून नेमके वर्णन आम्हांला सुचत नाही. ‘मी मेलो!’ असे तो ओरडतो आणि त्याच श्वासात पाणी मागतो.

शारीरिक वेदना नेमका हा दुहेरीपणा मोडते. काही वर्षांपूर्वी आम्हांला मुतखड्याचा त्रास झाला. त्या रात्री उशाशी एक आवडती कादंबरी होती. तिच्यातली एक ओळही डोळ्यांखालून पुढे सरकली नाही. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायला स्वतःच्या देहातून अंगुळभर तरी बाहेर यावे लागते, आणि कळ ती फट बुजवून टाकते. डॉक्टरांनी विचारले, एक ते दहामध्ये किती दुखते? आम्ही म्हणालो, कळ येते, ती ओसरली की ठणका राहतो. त्यांनी आठ लिहिले. यंत्राचीही भाषा हीच असणार, मात्रेची. ठसठस, सणक, चमक, रग, चुरचुर, सल हे शब्द पिढ्यानपिढ्या लोकांनी घडवले, ते एकाचे दुखणे दुसऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणून. अंगरख्याला त्यांची गरज नाही. तो दुखणे पोहोचवत नाही, नव्याने निर्माण करतो.

उलट दिशेने याचा पुरावा वैद्यकात आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचे आभासी जग तयार केले. जखमा साफ होत असताना रुग्ण त्या बर्फाळ दरीतून फिरतो, हिमगोळे फेकतो, आणि त्याला जाणवणारी वेदना कमी होते. लक्ष मर्यादित असते. ते दरीत गेले तर जखमेला कमी उरते. मग जखमेकडे गेले तर दरीला काय उरणार? वेदना वाढवून तादात्म्य वाढेल, हा पहिला युक्तिवाद आमच्या मते येथेच कोसळतो.

दुसरा अधिक गंभीर आहे, म्हणून त्याच्यातली खोट दाखवणे अधिक आवश्यक. झटका ज्याला गोळी लागली त्याला बसतो, ज्याने झाडली त्याला नाही. असा खेळ मार चुकवायला शिकवील. मारू नये हे कशावरून शिकवील? शिवाय अंगरख्याची तीव्रता खेळणाराच ठरवतो आणि नकोशी झाली की तो काढून ठेवतो. ज्यांचे दुखणे समजून घ्यायचे त्यांना ही मुभा कधीच नसते. आपल्याला दुखले म्हणजे दुसऱ्याचे दुखणे कळले, असे होत नाही. वेदना आणि सहवेदना यांच्यात एका उपसर्गाचे अंतर आहे, आणि साहित्याचा सारा उद्योग त्या उपसर्गापाशी चालतो.

व्हिडिओ गेमला हे साधतच नाही असे मात्र कोणी समजू नये. रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याचा मुलगा जोएल २०१४ साली कर्करोगाने गेला, वयाच्या पाचव्या वर्षी. त्याच्याविषयी त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा खेळ २०१६ मध्ये आला. त्यात रुग्णालयातल्या एका रात्रीचा प्रसंग आहे. मूल रडत असते. खेळणारा बाप होऊन खोलीत धडपडतो, हाती येईल ते करून पाहतो, आणि रडणे थांबत नाही. आपल्या अंगाला काहीही बोचत नाही. एरवी प्रत्येक कळीला आज्ञाधारकपणे उत्तर देणारे यंत्र येथे उत्तर देत नाही, एवढेच. दुसऱ्याची वेदना आपल्याला घेता येत नाही, कमीही करता येत नाही, तरी खोली सोडून जाता येत नाही. बापाची ही स्थिती त्या निरुत्तर कळींतून कळते.

आमच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या सत्रात करुणरसाचे प्रकरण वाचताना हा खेळही खेळावा, असे आम्ही सुचवणार आहोत. त्यासाठी अंगरखा लागत नाही.