बेलोऱ्याहून मुंबई: किती दूर, किती वेळ?

मुंबईत कुर्ल्याला राहणाऱ्या खालाच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि अम्मींनी हट्ट धरला, "त्याआधी मला बहिणीला भेटायचंय." अम्मींचे वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे. आमच्या मानोऱ्याला रेल्वे नाही. बडनेऱ्यापर्यंत मोटारीने जायचे आणि तिथून रात्रभर रेल्वेने. दारापासून दारापर्यंत चौदा-पंधरा तास सहज जातात. म्हणून आम्ही विमानाचा विचार केला.

मुलाने शाळेचा नकाशा पसरून पट्टी ठेवली. सरळ रेषेत यवतमाळ, अकोल्याजवळची शिवणी आणि अमरावतीजवळचे बेलोरा, तिन्ही विमानतळ आमच्यापासून 70 किलोमीटरच्या आसपास! पण धावपट्टी असली म्हणजे विमान असतेच असे नाही. तिघांपैकी मुंबईचे नियमित प्रवासी विमान बेलोऱ्यालाच मिळाले, तेही 16 एप्रिल 2025 पासून. सुरुवातीला आठवड्यातून तीनच फेऱ्या होत्या. सुदैवाने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यातली एक होती.

मुलाने आणखी एक हिशेब मांडला. "मुंबई सरळ रेषेत साधारण 540 किलोमीटर. विमान ताशी 500 च्या वेगाने जाते. मग तिकिटावर पावणेदोन तास कसे?" प्रश्न बरोबर होता. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यात वेग कमी असतो. मुंबईच्या आकाशात गर्दी असली तर घिरट्याही घालाव्या लागतात. त्यामुळे वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवलेली असते.

दुपारच्या जेवणाआधीच आम्ही निघालो. नकाशावरचे 70 किलोमीटर कारंजामार्गे रस्त्याने शंभराच्या घरात गेले आणि सव्वादोन तास लागले. विमानतळावर तपासणी आणि थांबणे यात दीड तास गेला. तिथे अम्मींसाठी चाकाची खुर्ची मिळाली, हे मात्र फार बरे झाले. पंख्यांचे, सत्तरेक आसनांचे एटीआर विमान पाहून अम्मी म्हणाल्या, "हे तर आपल्या एसटीएवढंच दिसतंय!" विमान उठले तेव्हा त्यांनी सफरची दुआ पुटपुटत आमचा हात घट्ट धरला. खाली कपाशी आणि तुरीची शेते चौकटीच्या कापडासारखी दिसू लागली तसा हात सैल झाला.

सामान घेऊन टॅक्सीने कुर्ल्याला पोहोचायला आणखी एक तास लागला. घरून निघाल्यापासून एकूण साडेसहा तास झाले होते. त्यातले विमानात पावणेदोनच.

म्हणून वाचकांना सांगावेसे वाटते, आपल्यासारख्या तालुक्याच्या गावाहून निघताना फक्त तिकिटावरची वेळ पाहू नका. आधी फेरीचा वार पाहा, मग दोन्ही टोकांचा रस्ता आणि विमानतळावरचा वेळ मिळवा. आणि म्हातारे माणूस सोबत असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा.

खालांनी दार उघडले आणि अम्मींना पाहून विचारले, "आपा, किती तास बसून आलीस?"

अम्मी म्हणाल्या, "बसायला वेळ तरी कुठे मिळाला!"

त्या रात्री दोघी बहिणी फजरपर्यंत बोलत होत्या.