अर्थ न सांगणारा गायक

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगाच पुढे ‘क्वीन’ या रॉक बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी झाला, हे आम्हांला फार उशिरा कळले. जन्म १९४६चा, झांजिबारचा. १९६४च्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले.

१९७५ साली आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या आपल्या जवळजवळ सहा मिनिटांच्या गाण्याचा अर्थ त्याने कधीच उलगडून सांगितला नाही. तो ऐकणाऱ्याने आपापला लावावा, ही त्याची भूमिका. आपल्याला एड्स झाल्याचेही त्याने जाहीर केले ते २३ नोव्हेंबर १९९१ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी. ही दोन मौने एका जातीची नव्हेत. दुसऱ्यामागे त्या काळच्या समाजाची दहशतही असणार. पहिले त्याने आपणहून पत्करले, रसिकावर विश्वास टाकून.

आम्ही मात्र वीस वर्षे वर्गात कवितेचा ‘मध्यवर्ती आशय’ लिहून देत आलो. एकदा एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत लिहिले होते : ‘ही कविता मला समजली नाही, पण मनातून जातही नाही.’ आम्ही शून्य गुण दिले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ऐकताना आमचीही अवस्था नेमकी तीच होते, आणि ते शून्य आठवत राहते.