पोट कुरकुरलं की

माझ्या पोटात कॅन्सर होता तेव्हा पोट दुखत नव्हतं. शौचाला रक्त पडायचं आणि त्याला घरीदारी सगळ्यांनी मूळव्याध ठरवून टाकलं होतं. पुढे शेक (रेडिएशन) झाला, ऑपरेशन झालं, किमो झाली आणि डॉक्टर म्हणाले, आता फक्त तपासणीला येत राहा. तेव्हापासून मात्र हे पोट रोज काहीतरी सांगत असतं, आणि त्यातल्या कशाला किती किंमत द्यायची हे मलाच ठरवावं लागतं.

आजाराची भीती एकदाच वाटते, असं मी समजत होतो. उपचार चालू असताना तर ती जाणवतसुद्धा नाही. फाइल, रांग, सलाइन, पुढची तारीख यातच दिवस जातो. भीतीला खरी सवड मिळते ती सगळं संपल्यावर. शेजारी पेढे खाऊन जातात, "आता कायची चिंता भाऊ" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी संडासात दिव्याखाली वाकून बघत असतो. लाल दिसतंय का? हो, लाल आहे. छातीत धस्स होतं. दोन मिनिटांनी आठवतं, काल रात्री बिटाची कोशिंबीर होती. पुढच्या आठवड्यात रंग काळा. तर लोहाच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. असले खुलासे सापडले की हसू येतं. पण दर वेळी खुलासा सापडतोच असं नाही.

अडचण अशी की उपचारांच्या खुणा आणि आजाराच्या खुणा एकमेकींसारख्याच दिसतात. गुदाशयाचा भाग काढला की मल साठवायची जागाच कमी होते. मग सकाळी पुन्हापुन्हा जावं लागतं, घाई होते, गेलं तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही. नेमक्या याच तक्रारी पहिल्यांदाही होत्या! शेक घेतलेल्या जागेतून कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही रक्त येऊ शकतं. ऑपरेशननंतर आतडी आतल्या आत चिकटली तर पोटात कळा येतात. ऑक्झॅलिप्लॅटिन नावाच्या औषधाने बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, आणि गंमत म्हणजे औषध थांबल्यावरही काही महिने हा त्रास वाढू शकतो. डिसेंबरात नागपूरची थंडी पडली की नळाखाली हात धरणं नको वाटायचं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर गेला की भूक मरते आणि वजन उतरतं. हे तर धडधाकट माणसाचंही होतं. पण मी वजनकाट्यावरून उतरतो तो तोंड पाडूनच.

त्यात सीईएची रक्ततपासणी. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन शोधलं. आज ते माझ्या मोबाइलवर पीडीएफ होऊन येतं, तेही डॉक्टरांच्या आधी. आकडा पाचाच्या आत असला तरी समाधान नाही. मागच्या वेळेपेक्षा जरा वर आहे ना, मग झोप गेली. सिगारेटनेही तो वाढतो, यकृताच्या दुखण्यानेही वाढतो. उलट काहींचा कॅन्सर परतला तरी आकडा हलत नाही. म्हणून तर जोडीला सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी असते. एकट्या आकड्यावर रात्र जाळण्यात अर्थ नाही, हे मला पटतं. दिवसा पटतं.

आमच्या नागपुरात मानेवाडा रस्त्यावरच्या कॅन्सर हॉस्पिटलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराज स्वतः ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कॅन्सरनेच गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये जामठ्याचं मोठं कॅन्सर हॉस्पिटल पूर्ण झालं. शहरात सोयी वाढल्या हे खरंच. पण गडचिरोलीहून, बालाघाटहून येणाऱ्या माणसाला नवीन दुखणं दाखवायचं म्हणजे गाडीभाडं आणि दोघांची मजुरी. "पुढच्या तारखेला सांगू," असं तो म्हणतो ते बेफिकिरीने नव्हे. रुग्णाला घरी सोडताना कुठल्या त्रासाला वाट बघायची आणि कुठल्याला नाही, हे मराठीत लिहिलेला एक कागद आणि एक फोन नंबर हातात द्यायला काय हरकत आहे?

मला हे तोंडी सांगितलं गेलं आणि मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. पोट फुगलं, वारा-शौच बंद आणि उलट्या, किंवा भरपूर रक्त: त्याच दिवशी हॉस्पिटल. डोळे पिवळे झाले: लगेच फोन. नवा खोकला, वजनातली घट, पाठीचं किंवा पोटाचं दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं तर तारखेची वाट न बघता जायचं. आजार परततो तो बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून सुरुवातीला तपासण्या जवळजवळ असतात. आणि परतला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. यकृतात किंवा फुप्फुसात लहानशी गाठ वेळेवर सापडली, तर काहींच्या बाबतीत ती काढताही येते.

पण सांगायचं कोणी? ओपीडीत डॉक्टर मला विचारतात, "कसं आहे?" आणि मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणते, "बरे आहेत हे. दोन पोळ्या खातात व्यवस्थित." तिचं चुकतं असं मी कसं म्हणू? ते डॉक्टरांपेक्षा तिला स्वतःलाच ऐकायचं असतं. मुलगा मोबाइलवरचे रिपोर्ट दाखवतो. मागे रांग उभी. सुनेसमोर संडासाच्या गोष्टी काढायला मलाही जड जातं. अशा रीतीने जे सांगायला गेलो ते पोटातच घेऊन आम्ही परत येतो आणि वर्धा रोडवर संत्र्याचा रस पितो.

हल्ली मी चिठ्ठी नेतो. काय होतं, कधीपासून, वाढतंय की तसंच आहे. "पुन्हा तेच असेल का" हे त्यात लिहीत नाही. ते ठरवणं माझं काम नाही. भीती याने गेलेली नाही, पण तिला आता तारीख आणि पत्ता असतो.

तेव्हा रुग्णाबरोबर जाणाऱ्यांना एक विनंती. डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं की पहिलं उत्तर त्यालाच देऊ द्या, आणि गरज वाटली तर दोन मिनिटं बाहेर थांबा.