सायकली मागे, डोंगर पुढे

नेदरलँड्स म्हणजे सपाट. इतका सपाट, की पुण्याहून आइंडहोवनला ऑनसाइट गेलेला माणूस पहिल्या महिन्यात सायकल घेतो, दुसऱ्या महिन्यात गिअर बदलायचं विसरतो आणि तिसऱ्या महिन्यात विचारतो, "इथे चढ नाहीच का हो कुठे?"

आहे ना! देशाच्या अगदी दक्षिण टोकाला, बेल्जियम आणि जर्मनीच्या मध्ये घुसलेल्या लिम्बर्ग प्रांतात. आइंडहोवनहून ए-टू हायवे पकडला की मास्ट्रिख्ट तासाभरावर. तिथून पुढे टेकड्या, सफरचंदाच्या बागा आणि लाकडी चौकटींची पांढरी घरं. प्रश्न एकच, सायकल तिथवर न्यायची कशी?

ट्रेनमध्ये सायकल नेता येते, पण वेगळं तिकीट काढून. शिवाय जुलै-ऑगस्ट सोडले तर कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळात सायकलला डब्यात प्रवेश नाही. म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटल्या सुटल्या पळायचा बेत बाद. त्यातून घरात पंचवीस किलोची इलेक्ट्रिक सायकल असेल, तर प्लॅटफॉर्म बदलतानाच निम्मा वीकेण्ड संपतो. म्हणून डच माणूस काय करतो? शनिवारी सकाळी गाडीच्या मागच्या हुकावर रॅक चढवतो, सायकली लावतो आणि निघतो.

टप, डिकी की हूक?

गाडीवर सायकल नेण्याचे तीन रस्ते. पहिला, टपावर. दिसायला एकदम रेसिंग टीमसारखं! पण पंचवीस किलो डोक्याच्या वर उचलायचे, हवेचा विरोध वाढून पेट्रोल जास्त जाळायचं, आणि बेसमेंट पार्किंगच्या कमी उंचीच्या दारात सायकल वर आहे हे न विसरता लक्षात ठेवायचं. दुसरा, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक. आपल्याकडे पुण्या-मुंबईत हॅचबॅकच्या मागे हाच जास्त दिसतो. स्वस्त आणि सुटसुटीत, हलक्या सायकलींना चालतो. पण सगळा भार डिकीच्या दारावर येतो, रंगाला ओरखडे पडतात आणि जड इलेक्ट्रिक सायकलींसाठी असे बरेचसे रॅक बनवलेलेच नसतात.

तिसरा, टो-बारवरचा. ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे जो हूक असतो, त्याला डच लोक 'ट्रेकहाक' म्हणतात. युरोपात त्याच्या टोकाचा गोळा ५० मिलिमीटरचा असतो, त्यामुळे बहुतेक रॅक बहुतेक गाड्यांवर बसतात. सायकल गुडघ्याच्या उंचीवर ठेवायची, घट्ट करायची, झालं. म्हणून दुकानात गेलं की सेल्समन आधी हाच दाखवतो. आणि इथेच खरी गंमत सुरू होते, कारण 'बसतो' आणि 'पेलतो' यात फरक आहे.

सगळा खेळ एका आकड्याचा

हुकावर किंवा त्याच्या जवळ एक छोटी पट्टी असते. त्यावर 'एस' या अक्षरापुढे एक आकडा लिहिलेला असतो. हुकाच्या गोळ्यावर वरून किती किलो भार चालेल, तो हा आकडा. छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण ७५, मोठ्यांना ९० किंवा १००. काही छोट्या गाड्यांना त्याहून कमी. गाडीच्या पुस्तकात आणखी कमी आकडा असेल, तर तोच खरा मानायचा. काही इलेक्ट्रिक गाड्यांचा हूक तर फक्त सायकल रॅकपुरताच असतो, ट्रेलर ओढायला नाही.

आता हिशेब करू. समजा नवरा-बायको दोघांच्या इलेक्ट्रिक सायकली, प्रत्येकी २५ किलो. दोन सायकलींचा रॅक १८ किलो. एकूण ६८. पंचाहत्तरच्या आत, मामला फिट!

पण उन्हाळ्यात बाबा पुण्याहून येतात. त्यांनाही डोंगर बघायचे आहेत. तीन सायकलींचा रॅक साधारण २० किलो, दोन इलेक्ट्रिक सायकली ५०, आणि बाबांची साधी डच सायकल १५. झाले ८५. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या (त्या प्रवासात काढायच्याच असतात) तर प्रत्येकी तीन किलो वाचले. तरी ७९. चार किलो जास्तच.

"चार किलोनं काय होतंय?" हा आपला खास प्रश्न. रिक्षात चौथा माणूस बसवताना आपण हाच विचारतो. पण इथे भार हुकाच्या मागे, हवेत लटकलेला असतो. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला तो हुकाला आणि गाडीच्या सांगाड्याला झटका देतो. मागचं वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही सैल वाटायला लागतात. अपघात झाला तर विमा कंपनी हाच आकडा काढून दाखवू शकते. म्हणून दुकानात चार सायकलींचा देखणा रॅक समोर असला, तरी आधी आपल्या हुकाची पट्टी वाचायची. मग बाबांचं काय? तिसरी सायकल तिथे पोचल्यावर भाड्यानं घ्यायची. फाल्कनबर्खसारख्या पर्यटकांच्या गावात त्या सहज मिळतात. बाबांना चढावर इलेक्ट्रिक सायकल मिळते, ते आपल्या पुढे जातात आणि घाटाच्या वर उभे राहून "दमलात का?" विचारतात. असा आनंद कुठल्याही रॅकवर बसत नाही.

विकत घेण्याआधी

हुकाचा आकडा जमला की बाकीचे प्रश्न. प्रत्येक सायकलमागे रॅक किती पेलतो? इलेक्ट्रिक असेल तर ३० किलोपर्यंतची पट्टी हवी. चाकांमधलं अंतर आणि टायरची रुंदी त्या पट्टीत बसते का? डच बायकांची खाली वाकलेल्या दांडीची सायकल असेल तर रॅकचा हात ती धरणार कुठे? कार्बनची फ्रेम असेल तर सरळ आवळायची नाही, त्यासाठी वेगळी पकड मिळते. शक्य असेल तर आपली सायकल दुकानात घेऊन जा आणि लावून बघा. डच दुकानदार कपाळाला आठ्या घालत नाही, उलट मदत करतो.

रॅक कलता होतो का, हे जरूर बघा. पायानं खटका दाबला की सायकलींसकट मागे झुकतो आणि डिकी उघडते. नाहीतर पोळी-भाजीचा डबा डिकीत आणि तुम्ही बाहेर. फ्लॅट छोटा असेल तर घडी होणारा रॅक घ्या. आठवड्यातले सहा दिवस तो कॉटखाली राहणार असतो.

मग कायदा. रॅकमुळे गाडीचे मागचे दिवे झाकले जातात, म्हणून रॅकवर स्वतःचे दिवे लागतात. त्यांची वायर गाडीच्या सॉकेटला जोडायची. नव्या रॅकचा प्लग बहुधा १३ पिनांचा, जुन्या गाडीचं सॉकेट ७ पिनांचं. मधे लावायचा छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो, मात्र त्यातून रिव्हर्सचा दिवा लागत नाही. नंबरप्लेट झाकली गेली तर नेदरलँड्समध्ये तोच नंबर असलेली पांढरी प्लेट रॅकवर लावावी लागते. डच गाड्यांच्या पिवळ्या प्लेटच्या गर्दीत पांढरी दिसली, की समजायचं, ही मंडळी सायकली घेऊन निघालीत. सायकली गाडीच्या बाजूंच्या बाहेर २० सेंटिमीटरपेक्षा जास्त येता कामा नयेत. सुट्टीत स्पेन किंवा इटलीपर्यंत मजल मारायची असेल तर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटीही मागे लावावी लागते.

आता निघा!

पहिल्या दिवशी फार लांब जाऊ नका. आइंडहोवनहून सीमा ओलांडली की बेल्जियमचं लिम्बर्ग. (हो, लिम्बर्ग दोन आहेत, एक डच आणि एक बेल्जियन.) तिथे हेख्टल-एक्सलच्या जंगलात २०१९ मध्ये एक गोल पूल बांधला. सायकल चालवत चालवत तुम्ही हळूहळू दहा मीटर उंच, थेट पाइनच्या शेंड्यांपर्यंत जाता. त्याच्या दक्षिणेला गेंकजवळच्या बोकरेकला २०१६ पासून तळ्यातून जाणारा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पाणी छातीच्या उंचीला आणि शेजारून बदकं पोहत जातात. इथे चढ नाही, त्यामुळे नव्या रॅकची ट्रायल घ्यायला उत्तम. थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून सगळ्या पट्ट्या पुन्हा आवळायच्या, हा नियम मात्र पाळा.

रस्ता चुकायची भीती नको. चौकाचौकात नंबर असतात. ७४ वरून ७५, मग ९१, एवढं कागदावर लिहून हँडलला चिकटवायचं. ही पद्धत बेल्जियन लिम्बर्गमध्येच १९९५ मध्ये सुरू झाली. ती शोधणारे ह्यूगो बोलन हे खाणीतले इंजिनिअर होते. आज सगळा नेदरलँड्स या आकड्यांवर सायकल चालवतो.

दुसऱ्या वीकेण्डला डोंगर. फाल्कनबर्ख गावातून वर चढणारा काउबर्ख. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर, पण चढ १२ टक्क्यांपर्यंत. सायकलिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप या गावात १९३८, १९४८, १९७९, १९९८ आणि २०१२ अशी पाच वेळा झाली. सिंहगड चढलेल्या पुणेकराला हे किरकोळ वाटेल, पण इथे असे डझनावारी चढ एकापाठोपाठ एक येतात, आणि पायांना ते आठव्या चढाला कळतं. तिथून पूर्वेला फाल्सजवळचा फाल्सरबर्ख, सुमारे ३२२ मीटर. युरोपातल्या नेदरलँड्सचं हे सर्वांत उंच टोक. माथ्यावर तीन देश एका खांबाशी भेटतात. सायकल थोडी फिरवली की बेल्जियम, आणखी फिरवली की जर्मनी.

खाली उतरल्यावर 'व्लाय' खायचाच. हा लिम्बर्गचा फळांचा चपटा पाय. त्यातला एक प्रकार चक्क तांदळाच्या खिरीनं भरलेला असतो. बाबांना तो आवडेल. एक तुकडा घरीही न्या. तेवढं वजन हुकावर येत नाही, मांडीवर येतं.