लाइट आल्यावर कोण उठवणार?

मंडळी, नाशिकला आई-बाबांकडे माळ्यावर माझा घरगुती सर्व्हर आहे. मी पुण्यात. जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स, त्यात तीन व्हर्च्युअल मशिन्स: डीएनएस, फाइल्स आणि नातीचे फोटो. डीएनएस बंद म्हणजे अख्ख्या घराचं इंटरनेट बंद.

2005 च्या सुमाराचं भारनियमन आठवतंय ना? आता तसं नाही, पण पावसाळ्यात लाइट जातेच. ती आली की फ्रिज, पंखा आपोआप सुरू होतात. सर्व्हर नाही! मग सत्तरीचे बाबा दुखरा गुडघा घेऊन स्टुलावर चढतात, बटण दाबायला. माझ्या जिवाला घोर तो हाच.

उपाय तीन पायऱ्यांचा. आधी बायॉसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' शोधा (बोर्डागणिक नाव थोडं बदलतं) आणि 'पॉवर ऑन' करा. हे राहिलं तर पुढचं सगळं फुकट. मग प्रत्येक मशिनला 'स्टार्ट ॲट बूट'. शेवटी क्रम: डीएनएस 1, फाइल्स 2, फोटो 3, आणि पहिल्या दोघांपुढे 30-30 सेकंदांचा डिले. फोटोवालं मशिन फाइल्सच्या आधी उठलं तर त्याला फोल्डर रिकामाच दिसणार. बंद होताना हाच क्रम उलटा चालतो. नुसतं लिबव्हर्ट वापरत असाल तर 'व्हर्श ऑटोस्टार्ट' आहे, पण त्यात क्रम ठरवता येत नाही.

नंतर सर्व्हर नीट शटडाउन करून भिंतीवरचं बटण बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा आणि कश्शालाही हात लावू नका. सगळं आपापलं उठलं तर जमलं.

असो. घरातला सर्व्हर घरच्यांना आठवताच कामा नये, एवढंच.