फेरूनचं पुढे काय?

अंधेरीत असो की मुलुंडमध्ये, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ खेळणाऱ्यांचा जीव त्यातल्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या काल्पनिक जगाच्या, त्यातल्या फेरून खंडाच्या भवितव्यात अडकला तर नवल नाही. त्या भवितव्याबद्दलच्या तर्कवितर्कांखाली एक धास्ती असते: आपण राहतो ती इमारत दुसराच कुणी पाडून नव्याने बांधेल. उपनगरात पुनर्विकासाच्या छायेत जगणाऱ्यांना ती उलगडून सांगायला नको. आणि ती निराधारही नाही. एड ग्रीनवुड यांनी लहानपणी कल्पिलेलं हे जग १९८७मध्ये खेळ म्हणून छापलं गेलं. २००८च्या चौथ्या आवृत्तीत खेळ छापणाऱ्या कंपनीने या जगातला काळ सुमारे शंभर वर्षं पुढे ढकलला, जादूची देवी मिस्ट्रा मारली, नकाशा बदलला. ओळखीची माणसं एका फटक्यात पूर्वज झाली! २०१४च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत देवी परतली होती.

तरीही हे भवितव्य कंपनीच्या हाती आहे, असं मला वाटत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७च्या चित्रपटात मोठा झाला, तेव्हा वाचकाला फार तर कुरकुर करता आली. इथे खेळ चालवणारा २००८ घडलंच नाही म्हणू शकतो, आणि त्याच्या टेबलावर ते घडत नाही. मग सामाईक जग उरणार कसं, हा आक्षेप रास्त आहे. पण अनोळखी माणसांना एकत्र खेळायला गावांची नावं नि नकाशा पुरतो. मिस्ट्रा जिवंत आहे की नाही, हे सुरुवातीलाच विचारून घेता येतं.