पाय टेकतात का?

बाईसाठी टू-व्हीलर घ्यायची म्हटलं की घरातली सगळी मंडळी एका सुरात 'स्कूटी' म्हणतात. गाडी कुठल्याही कंपनीची असो, बिनगिअरची आहे आणि बाई चालवणार आहे म्हटल्यावर ती स्कूटीच! आमच्याकडेही तसंच झालं. मी कराडपासून नऊ किलोमीटरवरच्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. सकाळची एसटी सोयीची, पण परतीची मिळायला दीड तास बसावं लागतं. नाहीतर ह्यांना फोन करायचा, आणि ह्यांनी गिऱ्हाईक सोडून यायचं. त्यात शाळेने पुढच्या वर्षापासून दुपारचे दोन तास वाढवून देऊ केले होते. गाडी नसेल तर ते सोडूनच द्यावे लागणार होते. तेव्हा गाडी हवी, यावर एकमत झालं. पण मी "मोटारसायकल घेऊ या" म्हटलं, आणि सगळे एकदम गप्प झाले.

आता हे समीकरण आलं कुठून, ते बघा. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांची लुना आली, १९८४ साली कायनेटिक होंडा आली. ना क्लच, ना गिअर. आपल्या आया-मावश्यांच्या पिढीला या गाड्यांनी घराबाहेर काढलं, त्यांचे उपकारच आहेत. पण तेव्हापासून 'गिअर म्हणजे पुरुषाचं काम' हेही डोक्यात पक्कं बसलं. खरं तर शिलाईमशीनचं पायडल आणि हात एका तालात चालवणाऱ्या बाईला क्लच-गिअर अवघड का जावा?

तुमचं जाणं-येणं बाजार, बँक आणि मुलांचा क्लास एवढंच असेल, तर खुशाल स्कूटर घ्या. पायाशी पिशवी राहते, सीटखाली डिकी असते. माझा रस्ता मात्र वेगळा. शेवटचे दोन किलोमीटर मुरमाचे, आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. स्कूटरची चाकं दहा-बारा इंची, साध्या मोटारसायकलची सतरा-अठरा इंची. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्यावरून निघून जातं. हा एवढाच माझा हट्ट होता. हौस वगैरे नव्हती. (थोडी होती, पण ती ह्यांना सांगितली नाही.)

मग सल्ले सुरू झाले. भाचा म्हणाला, "मामी, घ्यायचीच तर दीडशे सीसीची घे, नाहीतर बुलेट!" पहिल्या गाडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत या ताकदीच्या गप्पांनी होते. बुलेटचं वजन १९० किलोच्या वर. स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी साधारण ११२ किलोची, होंडाची शाइन १०० तर ९९ किलोची. गाडी धावत असते तेव्हा वजन जाणवत नाही. ते जाणवतं गर्दीत थांबताना, उतारावर वळवताना आणि दाराशी मागे ढकलताना. नवशिक्या माणसाची गाडी पडते तीसुद्धा बहुधा अशी उभ्या-उभ्याच.

म्हणून शोरूममध्ये रंग बघण्याआधी गाडीवर बसून बघा. रोज घालता त्याच चपला-बूट घालून जा. दोन्ही पायांचे निदान चवडे तरी नीट टेकले पाहिजेत, आणि एक पाय तरी पूर्ण. मी पाच फूट एक इंच. या साध्या गाड्यांची सीट साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरच्या आसपास उंच असते, पण नुसता आकडा वाचून उपयोग नाही. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीवरून पाय लोंबकळतात. ॲव्हेंजरची सीट बरीच खाली, पण गाडी दीडशे किलोच्या पुढची! मग खाली उतरून गाडी डबल स्टँडवर लावा, काढा, दहा पावलं मागे ढकला. आमच्या सेल्समनने "मॅडम, ते साहेब करतील" म्हटलं. साहेब रोज शाळेत येणार होते का माझ्याबरोबर?

कपड्यांचंही बघायला हवं. मागच्या चाकाची जाळी, म्हणजे साडीगार्ड, ही शोभेची वस्तू नाही. मागच्या बसणाऱ्यासाठी ती कायद्यानेच लागते. 'लूक' बिघडतो म्हणून पोरं ती काढून टाकतात. तुम्ही काढू देऊ नका. मी स्वतः चालवताना पंजाबी ड्रेस घालते आणि ओढणी कमरेला गाठ मारून बांधते. शाळेत साडी लागते त्या दिवशी ती पिशवीतून नेते आणि स्टाफरूममध्ये नेसते. ओढणीचं टोक चाकात-चेनमध्ये गेलं तर सावरायला क्षणाचाही वेळ मिळत नाही. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावून; मागे बसणाऱ्यालाही.

नवी की जुनी? माझं मत जुनीच्या बाजूचं. शिकताना गाडी एक-दोनदा आडवी होतेच. नव्या गाडीवर चरा पडला की घरात तीन दिवस चर्चा चालते. मात्र ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर न्या. आरसी बुकावरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा, विमा चालू आहे ना ते बघा, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मी सहा वर्षं जुनी, शंभर सीसीची घेतली.

लायसनचंही लक्षात ठेवा. बिनगिअरच्या लायसनवर गिअरची गाडी चालत नाही. गिअरचंच काढावं लागतं. लर्निंग लायसन सहा महिने चालतं, आणि ते मिळून तीस दिवस झाल्यावर पक्क्याची परीक्षा देता येते. तेवढे दिवस मी रोज संध्याकाळी मैदानावर काढले. पहिले चार दिवस ॲक्सिलरेटरला जवळजवळ हातच लावला नाही. नुसता क्लच हळूहळू सोडायचा, गाडी चालू लागली की परत दाबायचा. क्लच हाताला कळला की गिअर आपोआप कळतात. मग ब्रेक: पुढचा आणि मागचा दोन्ही एकदम, पण दमादमाने. सर्वांत शेवटी आरटीओचा तो आठचा आकडा.

सासूबाईंनी या सगळ्यात एक शब्द काढला नव्हता. जूनमध्ये वाढीव तास सुरू झाले, आणि मी रोज वेळेवर घरी येते हे त्या बघत होत्या. परवा पेन्शनसाठी बँकेत जायचं होतं. ह्यांनी रिक्षा बोलावतो म्हटलं, तर म्हणाल्या, "रिक्षा कशाला? ही नेईल की." त्या साडीत, एका बाजूला पाय सोडून बसतात, त्यामुळे वळणावर गाडी एका अंगाला ओढते. मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. बँकेपाशी उतरल्यावर त्यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे जरा सैल होतंय. माझ्या मापाचं आण."